केसरची शिंगरं

लोटनची नजर एकदम गेली नाही. उन्हाळ्यात तापी ओसरते तशी ती चार-पाच वर्षं ओसरत राहिली. आधी दोन्ही काठ गेले, मग मधली धार बारीक होत गेली, आणि एका दिवाळीला ओट्यावर पणत्या लागल्या आहेत हे त्याला नुसत्या तेलाच्या वासावरून कळलं. तेव्हा तो पन्नाशीचा होता. यावलपासून दोन कोसांवर, नदीच्या बाजूला असलेल्या त्या गावात झुलाल पाटलांच्या तबेल्यावर तो तीस वर्षं मोतद्दार होता. घोड्यांचा चारा-पाणी, खरारा, फेरफटका, दुखलंखुपलं, सगळं त्याच्याच हातचं.

नजर गेली तरी पाटलांनी त्याला काढलं नाही. केसर नावाची त्यांची घोडी दुसऱ्या कुणाच्या हातून खात नसे, हे एक कारण. दुसरं म्हणजे डोळे गेल्यावर लोटनचे हात जास्तच शहाणे झाले होते. घोड्याच्या पोटात कळ उठायच्या आधी त्याच्या तळव्याला ते कळायचं.

रंग मात्र त्याला सोडून गेले नव्हते. ते दिवसा येत नसत, एवढंच. पहाटेच्या झोपेत तापीवरचं धुकं सरकायचं आणि त्यातून घोडे चालत यायचे, त्याने आयुष्यात हाताळलेले सगळे. दुधासारखे पांढरे, ठिपक्यांचे, राखी, आणि सगळ्यांच्या पुढे केसर. केसर सुरंग होती. म्हणजे कानाच्या टोकापासून खुरापर्यंत तांब्याच्या घागरीसारखी लाल. आयाळ लाल, शेपूट लाल, तिच्यावर काळा केस शोधून सापडला नसता. स्वप्नात ती पाण्याच्या कडेला थांबायची, मान वळवून बघायची, आणि तिच्या मागे धुकंसुद्धा तांबूस व्हायचं. जाग आल्यावर लोटन बराच वेळ हलत नसे. हललं की रंग सांडतील असं त्याला वाटायचं.

झुलाल पाटलांच्या मनात मात्र एकच रंग होता. त्यांच्या वडिलांचा एक काळा घोडा होता. लहानपणी वडील त्यांना पुढ्यात घेऊन त्याच्यावर बसत आणि नदीपर्यंत नेत. तो घोडा गेला, वडील गेले, आणि पुढे कितीही घोडे झाले तरी काळा काही या तबेल्यात आला नाही. विकतचा नको, आपल्या घोडीच्या पोटचा हवा, असा पाटलांचा हट्ट होता. धुळ्याला पांझरेकाठी, गुरांच्या दवाखान्याच्या आवारात एक काळाभोर वळू घोडा ठेवला आहे असं त्यांच्या कानावर आलं, आणि १९३३ च्या चैत्रात त्यांनी केसरला तिकडे न्यायचं ठरवलं.

केसर लोटनशिवाय जाणार नाही आणि लोटन भिकुबाईशिवाय. भिकुबाई त्याची बायको, यावलच्या रंगाऱ्याची मुलगी. पुढे भिकुबाई, तिच्या मागे घोडीचा दोर धरून लोटन, अशी ती वरात निघाली. नावेतून तापी उतरून जळगाव, मग एरंडोल, पारोळा. पहाटे चालायचं, ऊन चढलं की एखाद्या चिंचेखाली थांबायचं. भिकुबाई वाटेतलं सगळं सांगत चालायची. पळस संपला, आता निंब लागला. बैलगाड्या कपाशीच्या गठड्या घेऊन चालल्या आहेत. एका बाईने पोपटी लुगडं वाळत घातलंय. लोटनला नंतर ही वाट स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यासारखी आठवत असे.

धुळ्यात ते बारा दिवस राहिले. घोडी आलंगावर, म्हणजे माजावर, आली त्या सकाळी दवाखान्यातल्या माणसांनी वळू बाहेर काढला. लोटनने रीतीप्रमाणे आधी त्याच्या मानेवरून हात फिरवला. डाव्या कानाच्या टोकाला एक खाच हाताला लागली, पाचरीसारखी. खांद्यावर घाम होता आणि अंगाला कडब्याचा वास येत होता. भिकुबाईने शेजारी उभं राहून हळूच सांगितलं, घोडा काळा आहे, कोळशासारखा. मग सगळं रीतसर झालं आणि ते आले तसे परत निघाले.

पुढच्या फाल्गुनात, दिवस उगवता उगवता केसर व्याली. शिंगरी झाली. ओल्या, थरथरत्या अंगावरून लोटनने बोटं फिरवली आणि विचारलं, रंग कसा. तपकिरी-लाल आहे, आईवर गेली आहे, असं पाटील म्हणाले आणि उठून गेले. निराश झाले होते, पण चिडले नव्हते. लाल घोडीच्या पोटी लाल शिंगरी, त्यात कुणाचा काय दोष.

खरं कळलं ज्येष्ठात, जावळ गळायला लागलं तेव्हा. लहान शिंगराचा पहिला केस तीन-चार महिन्यांत झडतो आणि खालून खरा रंग येतो. त्या शिंगरीचे गुडघे आधी काळवंडले, मग चारही पाय खालपर्यंत काळे झाले. आयाळ आणि शेपूटही काळीच आली, आणि बाकी अंग खारकेसारखं. ती सुरंग नव्हती, कुमैत होती. कुमैत म्हणजे अंग तांबडं आणि पाय, आयाळ, शेपूट काळी. बाजारात गाडीला जुंपलेल्या दर तीन घोड्यांत एक तरी कुमैत असायचाच.

आता पाटील चिडले. आई लाल, बाप काळा, मग कुमैत आली कुठून? एकतर शिंगरू आईवर जावं नाहीतर बापावर. ओट्यावर बसलेल्यांनी उलगडा करून टाकला. धुळ्याच्या माणसांनी काळा घोडा आत ठेवला आणि एखाद्या गाडीवाल्याचा कुमैत पुढे केला. समोर मोतद्दार आंधळा. त्याला काळ्यातलं आणि लालमधलं काय कळणार?

भिकुबाईला बोलावलं. ती अंगणात उभी राहून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगत म्हणाली, "घोडा काळाच व्हता, आबा. मी दखेल शे." पाटील म्हणाले, बाईमाणसाला घोड्यातलं काय समजतं. त्यांनी आवाज चढवला नाही. केसरचा दोर लोटनच्या हातातून घेऊन वना नावाच्या तरण्या गड्याकडे दिला आणि लोटनला सांगितलं, तू आता घरी बस, तुझ्या मजुरीचे दाणे घरी पोचते होतील. शिंगरीचं नाव त्यांनी ठेवलं नाही. गावानेच तिला परकी म्हणायला सुरुवात केली.

दाणे पहिल्या महिन्यात आले. भिकुबाईने ते एक दाणाही न काढता परत पाठवले आणि दुसऱ्या दिवसापासून ती केळीच्या बागेत निंदणीला जाऊ लागली.

लोटन दाराशी बसून राही. तबेला घरापासून शंभर पावलांवर होता. वारा तिकडून आला की लीद आणि ओल्या गवताचा वास येई, आणि केसर खुराने जमीन उकरत असलेली ऐकू येई. स्वप्नं येतच होती, पण ती आता बिघडली होती. पहाटेच्या धुक्यातून धुळ्याचा घोडा चालत यायचा, कानाला खाच असलेला, आणि जवळ येता येता त्याचा रंग बदलायचा. काळा असायचा तो तांबडा व्हायचा, तांबड्याचा राखी. नदीत उतरला की पाण्याच्याच रंगाचा होऊन विरघळून जायचा. लोटन त्याच्यामागे हात पसरून पाण्यात शिरायचा. जागा झाला की त्याला समजेना, खरं काय पाहिलं होतं. मग आठवायचं की पाहिलं तर काहीच नव्हतं.

आषाढातल्या एका सकाळी भिकुबाई चुलीशी भाकरी थापत होती, तेव्हा त्याच्या तोंडून ते निघालंच. "तो खरंच काळा व्हता का?"

भाकरी थापायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. भिकुबाईने उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. ती ताट पुढे ठेवायची, पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा ठेवायची, पण वाटेवरचं, आभाळातलं, शेजारच्या अंगणातलं काही सांगायची नाही. तेव्हा लोटनला खरा अंधार कळला. सहा वर्षं आपण तिच्या डोळ्यांनी बघत होतो, आणि त्याच डोळ्यांवर आपण संशय घेतला.

पाचव्या दिवशी तिने त्याची काठी त्याच्या हातात दिली. गाठोडं बांधून ठेवलं होतं. ती म्हणाली, "चाला धुळाले. हात लावी दखा."

या खेपेला ते जळगावहून आगगाडीने निघाले. चाळीसगावला गाडी बदलली. लोटन आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसला होता. खिडकीतून ओला वारा येत होता, चाकांचा ताल त्याच्या हाडांत शिरत होता, आणि त्याला वाटत होतं की आपण कुठेच जात नाही आहोत, मुलूखच दोन्ही बाजूंनी मागे वाहतो आहे. भिकुबाई गप्प होती. एकदा मात्र ती आपण होऊन म्हणाली, की बाहेर डबक्यात बगळे उतरलेत.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर नवे आले होते. लीलाधर त्यांचं नाव, मुंबईला शिकलेले, तिशीतले. आधीची माणसं बदलून गेली होती. लोटनने त्यांना एवढीच विनंती केली, की तुमच्या वळूला हात लावू द्या. डॉक्टरांना नवल वाटलं, पण त्यांनी घोडा आणवला. लोटनने हात वर केला, मानेवरून सरकवत डाव्या कानापर्यंत नेला. खाच तिथेच होती, पाचरीसारखी.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "या घोड्याचा रंग कोणता?"

"काळा. पूर्ण काळा. का?"

लोटन खाली बसला. मग त्याने सगळं सांगितलं, लाल घोडी, काळा घोडा, काळ्या पायांची शिंगरी, दाणे परत पाठवले ते, आणि आठवड्यापूर्वी आपण बायकोला काय विचारलं तेही. हे शेवटचं सांगताना भिकुबाई जवळच उभी आहे हे त्याला माहीत होतं.

डॉक्टर हसले नाहीत. पाऊस आला होता, म्हणून त्यांनी दोघांना ओसरीत घेतलं आणि सावकाश समजावलं. घोड्याच्या अंगात दोन वेगळ्या गोष्टी असतात, ते म्हणाले. एक गोष्ट काळा रंग तयार करते. ती नसली तर घोडा लालच राहतो. दुसरी गोष्ट रंग करत नाही, ती फक्त काळा कुठे दिसावा ते ठरवते. ती असली तर काळा पायांपुरता, आयाळीपुरता, शेपटीपुरता राहतो; नसली तर अंगभर पसरतो. आणि प्रत्येक गोष्टीचा एक वाटा शिंगराला आईकडून मिळतो, एक बापाकडून.

"तुमच्या घोडीत पहिली गोष्ट नाही, दुसरी आहे," डॉक्टर म्हणाले. "पण काळाच नाही, तर तो आवरणार काय? म्हणून ती दुसरी गोष्ट तिच्यात असून दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. डोळे असलेल्यालाही नाही."

लोटनला हे अर्धवटच कळलं. भिकुबाईला मात्र पुरतं कळलं. ती रंगाऱ्याच्या घरात वाढली होती. निळीच्या रांजणापाशी आणि लाकडी ठशांच्या फळीपाशी तिचं बालपण गेलं होतं. ती लोटनकडे वळली आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखी सांगू लागली. घोड्याकडे रांजणभर रंग आहे, पण ठसा नाही, म्हणून तो सगळाच्या सगळा बुडून निघाला. केसरकडे ठसा आहे, पण रांजण कोरडा. कोरड्या रांजणाशेजारी ठसा ठेवला तर कापडावर काय उमटणार? पोरीला बापाचा रंग मिळाला आणि आईचा ठसा. म्हणून तिच्या पायांवर उमटलं.

डॉक्टरांनी दौत-कागद पुढे ओढला. मग म्हणाले, हे मी असंच सांगायला हवं होतं.

त्यांनी पाटलांना पत्र लिहून दिलं. त्यात लिहिलं होतं की केसरला पुन्हा याच घोड्याकडे आणा. पुढचं शिंगरू काळं होईल की कुमैत ते आज सांगता येणार नाही, कारण घोडीत ठसा एक आहे की आईबापांकडून मिळालेले दोन हे कळायला मार्ग नाही. पण ते लाल होणार नाही. या घोड्याचं लाल शिंगरू आजवर झालेलं नाही.

झुलाल पाटलांनी पत्र वाचलं आणि फडताळात ठेवून दिलं. कागदावर कुणीही काहीही लिहितो, असं ते वनाला म्हणाल्याचं लोटनच्या कानावर आलं. पण ते मनातून गेलं नसावं. केसर आता नाइलाजाने वनाच्या हातून खाऊ लागली होती; चैत्र येताच त्यांनी त्याच्याबरोबर तिला पुढे पाठवलं आणि स्वतः गाडीने धुळ्याला गेले. घोडीचा दोर वनाला न देता स्वतःच्या हातात धरून उभे राहिले.

ते अकरा महिने लोटनने कसे काढले हे त्याला नंतर सांगता येत नसे. कामाला तो गावातल्या बैलांच्या, म्हशींच्या अंगावर हात फिरवायला जाई. कुणाचं जनावर आजारी असलं की बोलावणं येई. पण मनात एकच गोष्ट घोळत असे. शिंगरू काळं निघालं तर पाटलांची इच्छा पुरी होईल, आणि मग लोक म्हणतील, बघा, खऱ्या काळ्या घोड्याचं काळंच होतं. पहिल्या खेपेला आंधळ्याला फसवलं हेच खरं. पाटलांना काळं शिंगरू मिळावं असं त्याला मनापासून वाटायचं आणि मिळू नये असंही तितकंच वाटायचं. स्वप्नात आता धुक्यातून रंगच येत नसे. नुसते खुरांचे आवाज येत, पाण्यातले.

फाल्गुनात शिंगरा झाला. तपकिरी. जावळ असेपर्यंत कुणी काही बोलेना. ज्येष्ठात गुडघे काळवंडले.

ज्या दिवशी पायांचा काळा खुरापर्यंत पोचला, त्या दिवशी सकाळी झुलाल पाटील लोटनच्या दारात आले. त्यांच्या जोड्यांचा आवाज लोटनने गल्लीच्या तोंडाशीच ओळखला होता. ते ओट्यावर टेकले.

"लोटन," ते म्हणाले, "दुसरं बी कुमैतच निंघनं. दोर मन्हा हातमा व्हता."

"माले काय सांगतस, आबा," लोटन म्हणाला. "तिले सांगा."

भिकुबाई दाराच्या आत उभी होती. पाटलांनी गावातल्या कुठल्या बाईशी असं समोरासमोर बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ते उठून उभे राहिले. तू खरं सांगत होतीस, मी ऐकलं नाही, असं ते तिला म्हणाले, आणि तिच्या उत्तरासाठी थांबले. ती म्हणाली, "चहा लेतस ना?" पाटील पुन्हा बसले.

लोटन तबेल्यात परतला. केसरने त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं आणि ती बराच वेळ तशीच राहिली. परकीचं नाव बदलायला हवं, असं पाटलांनी एकदा सुचवलं होतं, पण ती त्याच हाकेला कान टवकारायची. म्हणून ते राहिलंच.

ती चार वर्षांची झाली तेव्हा लोटनने पाटलांना डॉक्टरांच्या पत्राची आठवण दिली. केसरच्या पोटी काळं यायचा भरवसा नव्हता, पण परकीत बापाचा रंग होता आणि ठसा आईकडून आलेला एकच. काळ्या घोड्यापासून झालेल्या तिच्या शिंगराला तो ठसा मिळेल किंवा मिळणार नाही. नाही मिळाला, तर बुडून निघेल. पाटील तोवर सत्तरीपार गेले होते, गुडघे धरले होते. त्यांनी भिकुबाईला विचारलं की तिला काय वाटतं. ती म्हणाली, न्यावं.

१९३९ च्या फाल्गुनात परकीला शिंगरा झाला तो उंदराच्या रंगाचा. ना काळा, ना तांबडा. पावसाळी धुरासारखा मळका. लोक रंग बघून गेले. लोटनने मात्र कुणालाच रंग विचारला नाही. तो रोज सकाळी त्या शिंगराच्या अंगाला हळूहळू खरारा करत बसे. ऊन तापत गेलं तसं जावळ सुटू लागलं, मऊ, शेवरीच्या कापसासारखं, बोटांत गोळा होऊन वाऱ्यावर उडून जाणारं. पाटील बाज टाकून समोर बसत. भिकुबाई पाण्याची घागर घेऊन येई आणि उभी राही.

एका सकाळी तिने पदराचं टोक ओलं केलं आणि शिंगराच्या पाठीवरून, जिथे जावळ निघून गेलं होतं तिथून, ते फिरवलं. लोटनचा हात थांबला. शिंगराने अंग शहारवलं. भिकुबाई वाकून बघत होती हे त्याला तिच्या बांगड्यांवरून कळलं. तिने पोटाखाली पाहिलं, कानामागे पाहिलं, चारही पायांशी बसून पाहिलं. तिला कसलीच घाई नव्हती.

"बठ्ठं काळं शे," ती म्हणाली. सगळंच्या सगळं.

झुलाल पाटील त्या घोड्यावर कधी बसले नाहीत. तो खोगीर घेण्याजोगा झाला तोवर त्यांना रिकिबीत पाय टाकणं जमेनासं झालं होतं. पण सकाळी ते काठी टेकत तबेल्यात येत आणि घोड्याच्या उजव्या अंगाला उभे राहत, डाव्या अंगाला लोटन. दोघांचे हात काळ्या पाठीवर, आणि मधे घोडा त्यांच्या चालीने चालायचा. असे ते केळीच्या बागेतून नदीपर्यंत जात.

थंडीच्या दिवसांत तापीवर धुकं असे. पाटील मुळात कमी बोलणारे, पण नदी दिसली की ते आपण होऊन सांगू लागत. पाणी आज दुधाळ आहे. नाव पलीकडच्या काठाला लागलीय. दोन बायका धुणं घेऊन उतरतायत, एकीचं लुगडं हिरवं आहे. वाळूवर कोवळं ऊन पडायला लागलंय, अजून पिवळं नाही, पांढरंच आहे. घोडा मधूनच थांबून पाण्यात तोंड घालायचा आणि ते थांबून राहायचे. पाटील बोलत असायचे आणि लोटन ऐकत असायचा, ऊन वर येईपर्यंत.